शुक्रवारी दुपारी दुकान बंद का असतं

तीर्थरूप वन्संना,

भावजयीचा साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे हल्ली आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली तीन मनाने टेकवली आहेत, ती धरून घ्यावीत.) तुमची तब्येत उत्तम असणार, कारण या वेळच्या पत्रात तुमचं अक्षर नेहमीपेक्षा मोठं आणि दाबून लिहिलेलं आहे, आणि एके ठिकाणी तर पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं आहे. अंगात ताकद असल्याशिवाय असं होत नाही. इकडे मीही बरी आहे. दुकान बरं आहे. शिलाई मशीन कुरकुरतं, पण ते माझ्या लग्नापासून कुरकुरतंय, त्यामुळे त्याची काळजी नसावी.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिली तीन पानं हवा, तुमचा खोकला, तुमच्या जुन्या शाळेतली नवी मुख्याध्यापिका आणि तिचं अशुद्ध लेखन यांवर आहेत, आणि शेवटी, अगदी पाकीट बंद करताना आठवल्यासारखी, एक ओळ: "शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं म्हणे. का?" त्या 'का'पुढचं प्रश्नचिन्ह तुम्ही गिरवलं आहे. वन्सं, सहज विचारलेल्या प्रश्नाचं चिन्ह कुणी गिरवत नाही. ही बातमी समोरच्या चष्मेवाल्याच्या बायकोने पोचवली हे सांगायला ज्योतिषी नको. ती तुमची विद्यार्थिनी, आणि पुढच्या बाकावर बसून मागच्या बाकाची खबर देणाऱ्या मुली मोठ्या झाल्या म्हणून बदलत नाहीत. तिचं आडनाव मला अजून माहीत नाही, पण माझ्या दुकानाचं शटर किती वाजता पडतं हे तिला पक्कं माहीत आहे.

तर कारण असं की मी सिनेमाला जाते.

झालं, लिहून टाकलं. आता तुमच्या मनात दुसरंतिसरं काही येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहिते. तुम्ही म्हणाल की एवढ्यासाठी फोन केला असता तर चाललं असतं, पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणता आणि त्या 'हं'चा अर्थ लावण्यात माझा आठवडा जातो. शिवाय महत्त्वाचं बोलणं कागदावर असावं हे तुमचंच म्हणणं. (हे महत्त्वाचं नाही. सवय म्हणून लिहिते आहे.)

झालं असं, की आमच्या मागच्या रस्त्यावर जे सिनेमागृह आहे त्यांच्या नोकरांची जॅकेटं मी शिवली. लाल, सोनेरी काठाची, गळ्यापर्यंत बटणं. (अंधारात उभ्या राहणाऱ्या माणसांना इतका झगमगाट कशाला, हे मी विचारलं नाही.) जॅकेटं इतकी नीट बसली की मॅनेजर खूश झाला आणि म्हणाला, "मावशी, शुक्रवारी दुपारच्या खेळाला निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या असतात. येऊन बसत जा, जरा भरल्यासारखं वाटतं." आता एवढ्या आपुलकीने कुणी आपल्याला खुर्ची भरायला बोलावलं तर नाही म्हणवत नाही. तुमचे बंधू असताना आम्ही सिनेमे टीव्हीवर बघायचो, आणि ते सोबत इतकं बोलायचे की आजपर्यंत मला कुठल्याच नायिकेचा आवाज नीट माहीत नव्हता.

तुमच्या भाच्याला यातलं काही ठाऊक नाही. तो विमा कंपनीत, त्यामुळे या जगात काय काय बिघडू शकतं हे त्याला तोंडपाठ आहे. आई एकटी अंधाऱ्या हॉलमध्ये पायऱ्या चढते हे कळलं असतं तर त्याने पायऱ्यांची पाहणी करायला माणूस पाठवला असता. म्हणून मी त्याला सांगितलं की शुक्रवारी मी गुडघ्याच्या व्यायामाला जाते. हे खोटं नाही, पायऱ्या खरंच भरपूर आहेत. तो रविवारी भेटायला आला की मी थोडी लंगडते. मागच्या रविवारी चुकून दुसऱ्याच पायाने लंगडले. सूनबाईच्या ते लक्षात आलं असावं. तिने उठून मला आपली खुर्ची दिली, आणि त्या सबंध संध्याकाळी मला दोन्ही पायांनी लंगडावं लागलं.

आता एका गृहस्थांचा उल्लेख करणं भाग आहे, कारण सिनेमाला ते शेजारच्या खुर्चीत असतात. उल्लेख एवढाच. निवृत्त आहेत. (कशातून, ते विषयाला धरून नाही म्हणून लिहीत नाही.) पत्नी जाऊन काही वर्षं झाली, मूलबाळ नाही. ते दुकानात पहिल्यांदा आले ते पँटची कंबर कमी करून घ्यायला. पुढच्या आठवड्यात तीच पँट सैल करायला घेऊन आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा कमी करायला. मी म्हटलं, अहो, तुमचं वजन कमीजास्त होतंय की माझी परीक्षा चाललीय? कापडाला आता टाके घ्यायला जागा उरली नाही. तर ते म्हणाले, "तुमच्या दुकानात खुर्ची आहे आणि रेडिओ चालू असतो. घरी दोन्ही आहे, पण रेडिओ मलाच लावावा लागतो." मी पँट ठेवून घेतली. पुढे एका शुक्रवारी मी शटर ओढत असताना ते पोचले आणि विचारलं, आज लवकर? मी खरं ते सांगितलं. सिनेमागृहात बघते तर हे शेजारच्या खुर्चीत. सगळा हॉल रिकामा, आणि तिकीट खिडकीवरच्या माणसाने नेमकी हीच खुर्ची त्यांना दिली. योगायोग म्हणायचा. (नंतर कळलं की त्यांनी खिडकीवर "शिवणवाल्या बाईंच्या शेजारची" असं मागितलं होतं. पण तेव्हा मी योगायोगच समजले, आणि मी जे समजले ते लिहिणं प्रामाणिकपणाचं आहे.)

असो. मुख्य विषय सिनेमा.

पहिला बघितला तो सुडाचा. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, आणि हल्ली नावं इतकी छोटी असतात की लक्षात ठेवायला धरावं कशाला तेच कळत नाही. नायकाचं घर काही दुष्ट लोक बुलडोझर लावून पाडतात, आणि मग तो त्यांना, त्यांच्या माणसांना, माणसांच्या माणसांना आणि शेवटी ज्यांचा कुणाशीच काही संबंध नाही अशांनाही मारतो. मारामारी मला झेपत नाही, म्हणून मी त्याचा कोट बघत बसले. इमारतीवरून उडी मारताना कोटाला तीन बटणं आणि जमिनीवर उतरतो तेव्हा दोन. तिसरं हवेत गेलं म्हणावं तर दोराही दिसत नाही. माझं मत असं की ज्यांना बटणाचा पत्ता नाही त्यांनी सुडाच्या भानगडीत पडू नये. मध्यंतरात गृहस्थ बराच वेळ विचार करून म्हणाले, "एवढ्या वेळात नवं घर बांधून झालं असतं." याहून नेमकं परीक्षण मी वर्तमानपत्रातही वाचलेलं नाही. त्या वाक्यावर मी जरा मोठ्याने हसले, आणि चष्मेवाल्याच्या बायकोच्या एका मैत्रिणीने ते ऐकलं असण्याची शक्यता आहे.

दुसरा सिनेमा फार गाजलेला. जिथे तिथे बक्षिसं. एक माणूस खोलीत बसतो आणि भिंतीवरच्या ओलीकडे बघतो. ओल वाढते. तो बघतो. ओल आणखी वाढते. एकदा दारावर थाप पडते, पण तो उठत नाही, आणि थाप मारणाराही समजूतदार, तो निघून जातो. मी पहिला अर्धा तास गवंडी शोधून देण्याच्या विचारात घालवला. त्यानंतर मला वाटलं, आपल्याला कळत नसेल, गृहस्थ शिकलेले आहेत, त्यांना आवडत असणार, मध्येच उठणं बरं दिसणार नाही. पुढे केव्हातरी कळलं की तेही नेमकं माझ्याबद्दल हेच समजून बसले होते. दोन माणसांनी एकमेकांच्या सन्मानार्थ इतका वेळ भिंत बघितल्याचं दुसरं उदाहरण नसेल. शेवटाकडे त्यांना झोप लागली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी हलले नाही. निव्वळ कलेबद्दलच्या आदरापोटी. हॉलमध्ये इतकी शांतता होती की मी खांदा काढला असता तर त्या ओल बघणाऱ्या माणसाचं लक्ष विचलित झालं असतं. खांदा दोन दिवस दुखला आणि तुमच्या भाच्याला मी सांगितलं की व्यायामात नवीन प्रकार आलेत.

तिसरा मात्र भुताचा, आणि त्यात जे घडलं ते सगळं भुताने केलेलं नाही. भुताच्या सिनेमांबद्दल माझी मूळ तक्रार अशी की ही माणसं घर घेताना शेजारीपाजारी चौकशी कशी करत नाहीत? कपाटाची चौकट जरा तिरकी असली तर मी दुकान घेतलं नसतं. आणि दार करकरतं तर तेल घालावं. सबंध सिनेमात एकाने जरी उठून बिजागरीला तेल घातलं असतं तरी भुताचं निम्मं काम बंद पडलं असतं. गृहस्थ फार भितात. हे त्यांच्याविरुद्ध म्हणून लिहीत नाही, नोंद म्हणून लिहिते. दर करकरीला ते खुर्चीचा दांडा गच्च पकडायचे. आता दोन खुर्च्यांमध्ये दांडा एकच असतो आणि त्यावर आधीपासून माझा हात होता, यात दोष असलाच तर खुर्च्या बनवणाऱ्याचा आहे.

अशातच मागच्या रांगेतून आवाज आला, "अगं, आपत्कालीन दरवाजा कुठे आहे ते आधी बघून ठेव." वन्सं, सिनेमा सुरू झाल्यावर हे वाक्य बोलणारा माणूस जगात एकच आहे आणि त्याला मी जन्म दिलाय. अर्ध्या दिवसाची रजा काढून, बायकोला घेऊन, नेमक्या त्याच खेळाला! त्या भुताला जे जमलं नव्हतं ते त्याने एका वाक्यात केलं. मी खुर्चीत खाली खाली सरकत गेले. मध्यंतर येईपर्यंत मला पडद्याचा फक्त वरचा तुकडा दिसत होता, त्यामुळे त्या भुताला पाय होते की नव्हते याबद्दल मी मत देऊ शकत नाही. गृहस्थ दोनदा वाकून म्हणाले, काही हरवलंय का? मी खुणेने सांगितलं, गप्प बसा. त्यांना वाटलं मीही घाबरले, आणि त्यांनी धीर देण्यासाठी पॉपकॉर्नचा डबा माझ्या डोक्यापाशी धरला. मी घेतलं नाही म्हणून त्यांनी सभ्यपणे मागच्या रांगेत विचारलं, तुम्हाला हवंय का? आणि तुमचा भाचा म्हणाला, "नको, घशात अडकतं."

दिवे लागायच्या आत मी रांगेतून अक्षरशः रांगत बाहेर पडले आणि बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन एक दार आतून लावून घेतलं. पाठोपाठ सूनबाईचा आवाज. ती कुणाला तरी सांगत होती की आमच्या ह्यांना फार भीती वाटतेय पण कबूल करत नाहीयेत. ती गेली, पण मग दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या, आणि माझी बाहेर पडायची हिंमत होईना. कुणी दार वाजवलं की मी आतून वाजवायची. पलीकडे भुताचा सिनेमा चाललेला असताना आतून उत्तर आल्यावर बायका तिथे थांबत नाहीत. अशा रीतीने उत्तरार्ध मी उभ्याने, भिंतीतून ऐकला. भिंत पातळ आहे. चेहरे न बघता नुसतं ऐकलं तर भुताचं म्हणणं बरंचसं रास्त वाटतं.

सगळं शांत झाल्यावर बाहेर आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की पर्स खुर्चीवर राहिली आणि एक चप्पल रांगताना कुठेतरी सुटली. हॉलमध्ये डोकावले. सगळे दिवे लागलेले, झाडणाऱ्या बाया खुर्च्यांखालून पॉपकॉर्न ओढत होत्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हे गृहस्थ आपल्या जागेवर ताठ बसलेले. मांडीवर माझी पर्स, पर्सवर माझी चप्पल. दाराशी टॉर्च घेऊन उभी असते ती बाई (तिचं जॅकेट खांद्यात जरा ढिलं झालंय, ते करून द्यायचंय) मला म्हणाली, "मावशी, बरं झालं आलात. पुढचा खेळ लावायचाय आणि हे उठेनात. बाई घरी गेल्या असतील म्हटलं, तर म्हणतात, एका चपलेवर कशा जातील?"

मी खाली मान घालून चप्पल घातली. वाटलं, आता विचारतील कुठे होतात, असं न सांगता जातात का, मी काय समजायचं. मी उत्तरंही तयार ठेवली होती. तुमचे बंधू असते तर (देव त्यांना सुखात ठेवो) हा विषय दिवाळी उलटेपर्यंत पुरला असता. हे नुसते उठले, पर्स माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "शेवट सांगू?" मी म्हटलं, सांगा. मग पायऱ्या उतरून फाटकापर्यंत त्यांनी मला सगळा शेवट सांगितला, घर मुळात कुणाचं होतं, विहिरीत काय सापडलं, सगळं. बरोबर सांगितला की नाही कोण जाणे, कारण त्यांचे डोळे बराच वेळ मिटलेले असणार. पण छान सांगितला. मी घरी येऊन बराच वेळ दिवा न लावता बसले होते, आणि भीती अशी वाटत नव्हती.

मी सिनेमांबद्दल लिहीत होते.

चौथ्याबद्दल मला रागानेच लिहायचं आहे. तो एका आईचा आहे. विधवा, वय साधारण माझ्याएवढं, आणि दिग्दर्शकाने तिच्या केसांत पिठाची अख्खी पिशवी ओतली आहे. ती खिडकीत बसते आणि खोकते. मुलगा परदेशात. तिला काम नाही, दुकान नाही, भांडायला एखादी चष्मेवाल्याची बायकोसुद्धा नाही. दया यावी म्हणून तिला फाटकी शाल दिली आहे, पण ती कात्रीने फाडलेली आहे. आपोआप विरलेल्या कापडाची कड इतकी सरळ नसते. तर या बाईच्या फाटकाशी शेजारचे एक मास्तर रोज वर्तमानपत्र घेऊन येतात. चांगला माणूस. शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली, म्हणजे स्वतःची कामं स्वतः करणारा. एक दिवस तो तिला विचारतो. आणि ही बाई काय करते? भिंतीवरच्या फोटोकडे बघते, मुलाच्या पत्राकडे बघते, हात जोडते आणि दार लावून घेते. तो तसाच बाहेर, भर उन्हात. मागे व्हायोलिन. आणि आजूबाजूला सगळे मुसमुसताहेत, किती थोर बाई म्हणून!

पुढचं मला नीट आठवत नाही. टॉर्चवाल्या बाईने नंतर सांगितलं त्याप्रमाणे मी उभी राहिले आणि पडद्याकडे हात करून म्हणाले, "अगं, त्याला आत तरी घे! किती वेळ उन्हात उभा आहे तो!" कुणीतरी हसलं. आणि मग मागून एका बाईचा आवाज आला, "बरोबर बोलल्या!" मग आणखी एकीचा. मग ज्या आत्ता रडत होत्या त्याच त्या आईला नाही नाही ते बोलायला लागल्या, आणि पुरुष मंडळी त्यांना गप्प करायला लागली, आणि ती बिचारी पडद्यावर मरत होती तिकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. मॅनेजर धावत आला. मला बघून त्याने जॅकेटाच्या बटणाला हात लावला आणि म्हणाला, "मावशी, खुर्ची भरायला सांगितलं होतं, हॉल नाही." मी बसले. गृहस्थ पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते. सिनेमाला येऊन पडद्याकडे न बघणं मला पसंत नाही आणि तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, चूक झाली. पण बघायचे थांबले नाहीत.

तर एकूण मत असं, की हल्लीचे सिनेमे बघण्याच्या लायकीचे नाहीत. एकात बटणं नाहीत, एकात गोष्ट नाही, एकात तेल नाही आणि एकात अक्कल नाही. तुम्ही वेळ वाया घालवू नये. शुक्रवारी दुपारी दुकान मात्र बंदच राहील.

लोभ असावा असं लिहीत नाही. तो नसता तर तुम्ही 'का' विचारलं नसतं.

तुमची,
भावजय

ता. क. वर लिहिलं ते सगळं खरं आहे, फक्त मुख्य गोष्ट राहून गेली. त्या दिवशी सिनेमा सुटल्यावर ते पायरीवर थांबले आणि म्हणाले, "मला त्या मास्तरांसारखं उन्हात उभं राहणं जमणार नाही. पित्त होतं." मी म्हटलं, मग सावलीत उभे राहा. ते म्हणाले, "आत घेता का, असं विचारतोय." वन्सं, चारचौघांसमोर पडद्याला सुनावणारी मी, आणि तोंडातून निघालं ते असं, "वन्संना विचारावं लागेल." ते म्हणाले, विचारा, मी थांबतो, आणि खरंच तिथे पायरीवर बसले. त्यांना वाटलं तुम्ही पलीकडच्या गल्लीत राहता.

म्हणून विचारते आहे. माझ्या माहेरचं आता कुणी उरलेलं नाही. तुमचे बंधू गेले तेव्हा सगळे येऊन, रडून, समजावून गेले. तुम्ही समजावलं नाहीत. तुम्ही मशीनवर घातलेली चादर ओढून काढलीत आणि म्हणालात, "बस. शिव." तेव्हापासून माहेर म्हटलं की मला तुम्हीच आठवता. त्यामुळे तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मी रागावणार नाही, शुक्रवारीही शटर वर ठेवीन, आणि त्यांची पँट दुसरीकडे द्यायला सांगेन. पण हो म्हणणार असाल तर तुमच्या भाच्याला तुम्हीच सांगा. माझ्याने होणार नाही. तो मला जोखीम किती ते विचारील आणि मला ती खरंच माहीत नाही. तुमच्यासमोर तो अजून उभा राहून बोलतो.

ता. क. आणखी एक. ते कशातून निवृत्त झाले हे वर लिहायचं टाळलं. ते दातांचे डॉक्टर होते. हो, तेच. तुम्ही आमच्याकडे राहायला आला होतात तेव्हा ज्यांनी तुमची किडलेली दाढ जागेवर ठेवून शेजारची चांगली काढली, आणि ज्यांचा उल्लेख तुम्ही आजतागायत 'तो कसाई' असाच करता, ते. मला हे भिंतीच्या सिनेमानंतर कळलं, तोवर खांदा दुखून झाला होता. मी त्यांना तुमची आठवण करून दिली. चेहरा आठवत नाही म्हणाले, पण दाढ आठवते. "फार सुरेख दाढ होती हो ती," असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. ते माफी मागायला तयार आहेत. तुम्ही पुन्हा त्यांच्यासमोर तोंड उघडायला तयार आहात का, एवढंच बघायचं.

ता. क. शेवटचा. पाकिटाला डिंक लावत होते तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्ही आपणहून फोन करत नाही, म्हणून मी घाबरून उभी राहूनच घेतला. तुम्ही विचारलंत, "पत्र लिहून झालं?" मी म्हटलं, आत्ताच झालं. "मग राहू दे. मी गुरुवारी येतेय. पोराला जेवायला बोलाव, त्याला मी सांगते." मी विचारलं, काय सांगणार? तर म्हणालात की चष्मेवालीने माणसाचं वर्णन केव्हाच कळवलंय, आणि हसताना उजवा गाल आधी वर जाणारा माणूस तुम्ही आयुष्यात एकच बघितलाय, तोही खुर्चीत आडवं पडून.

फोनवर मला नुसतं 'बरं' म्हणता आलं, त्यामुळे हे पत्र मी तरीही पाठवते आहे. आणि तुम्ही शेवटी जे म्हणालात ते नीट ऐकू आलं ना, याची खात्री करून घ्यायची म्हणून जसंच्या तसं लिहिते. तुम्ही म्हणालात, "शुक्रवारी कुठला लागलाय?" मी म्हटलं, अंतराळातला आहे, तिघं जण एका यानात अडकतात. तुम्ही म्हणालात, "चालेल. तीन तिकिटं काढ. मधली खुर्ची माझी."